तोल सावरताना साखर निसटते

मधुमेह हा शब्द मराठी घराला आता नवा राहिलेला नाही. चहा सांगताना 'बिनसाखरेचा' असे बजावणारे कोणीतरी बहुतेक घरांत असते, आणि पंगतीत जिलबी वाढणारा पुढे सरकला की 'मला नको, शुगर आहे' हे वाक्य कुठून ना कुठून ऐकू येतेच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले तेरा कोटींहून अधिक आहेत. साहजिकच तपासणीचाही सुकाळ आहे. १४ नोव्हेंबरला, म्हणजे इन्सुलिनच्या जनकांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिवशी, जागतिक मधुमेह दिन येतो. त्या आठवड्यात गल्लोगल्ली शिबिरे भरतात, सकाळी फिरायला जाणारे पासष्टीचे गृहस्थ बागेच्या दारात बोट टोचून घेतात, आणि तेच गृहस्थ पुन्हा संध्याकाळी सोसायटीच्या सभागृहात दुसऱ्या शिबिराच्या रांगेत दिसतात.

या सुकाळात एक वर्ग मात्र सहसा त्या रांगेपर्यंत पोचत नाही. तो वयाने तरुण असतो, अंगाने बहुधा किडकिडीत असतो आणि पुष्कळदा चाकाच्या खुर्चीत असतो. त्याच्या आजाराचे नाव वेगळे, डॉक्टर वेगळे, फाईलही वेगळी. घरातल्या साऱ्यांचे लक्ष त्याच्या पायांकडे, हातांच्या थरथरीकडे, अडखळणाऱ्या बोलण्याकडे लागलेले असते. त्याच्या रक्तातल्या साखरेचा विचार करायला कोणाला उसंत नसते आणि तसा विचार करायला हवा, असे कोणी सांगितलेलेही नसते. मज्जासंस्थेच्या काही आनुवंशिक आजारांत मधुमेह हा त्या आजाराचाच एक भाग म्हणून येतो, ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत कित्येक वर्षांपासून लिहिलेली आहे. ती पुस्तकातून घरापर्यंत पोचावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

उदाहरण घ्यायचे तर फ्रीडराइख अ‍ॅटॅक्सियाचे घ्यावे. निकोलाउस फ्रीडराइख हे जर्मनीतील हायडेलबर्गचे वैद्यकाचे प्राध्यापक. त्यांनी १८६३ पासून पुढच्या काही वर्षांत या विकाराचे वर्णन लिहून ठेवले. अ‍ॅटॅक्सिया म्हणजे हालचालींतला ताळमेळ जाणे, सोप्या भाषेत तोल जाणे. आजार सुरू होतो तो बहुधा दहा ते पंधरा वर्षांच्या वयात. मैदानावर पळणारे मूल एकाएकी धडपडू लागते, अंधारात भिंत धरून चालते, अक्षर बिघडते. मग पाठीचा कणा वाकतो, तळपायाची कमान उंच होते, बोलणे जड होते. बुद्धी मात्र शाबूत राहते, आणि हेच अनेकांना उमजत नाही. रस्त्याने झोकांड्या खात चाललेल्या तरुणाकडे लोक 'सकाळीच लावून आलेला दिसतो' अशा नजरेने पाहतात. त्या नजरेचा त्रास आजाराहून थोडाथोडका नसतो.

या आजाराचे जनुक सापडले १९९६ मध्ये. आपल्या जनुकांची लिपी चार अक्षरांची असते. या एका जनुकात त्यांपैकी तीन अक्षरांचा एक तुकडा पुनःपुन्हा लिहिलेला असतो. निरोगी माणसात अशा पुनरुक्ती तीसेकांहून कमी असतात, रुग्णांत त्या शेकड्यांनी असतात, काही वेळा हजाराच्याही वर जातात. एखाद्या दस्तऐवजावर एकच वाक्य इतक्यांदा लिहिले जावे की पुढचा मजकूर वाचताच येऊ नये, तसे होते. परिणामी फ्राटॅक्सिन नावाचे प्रथिन शरीरात फार थोडे तयार होते. पेशीतील तंतुकणिका, ज्यांना शाळेच्या पुस्तकात पेशीचे ऊर्जाघर म्हणतात, त्यांच्या कामाला हे प्रथिन आवश्यक असते. ते कमी पडले की ऊर्जेची सर्वांत जास्त गरज असलेल्या पेशी आधी खचतात. मज्जातंतू खचतात, हृदयाचे स्नायू खचतात आणि त्यांच्याच जोडीला स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीही खचतात.

इथे थोडे थांबायला हवे, कारण सारा मुद्दा या पेशींच्या कामात आहे. रक्तात साखर किती आली हे त्या ओळखतात कशा? त्या ती साखर स्वतः जाळून पाहतात. जितकी जास्त साखर तितकी जास्त ऊर्जा तंतुकणिकांत तयार होते, आणि त्या ऊर्जेच्या प्रमाणात इन्सुलिन बाहेर सोडले जाते. म्हणजे तंतुकणिका हाच त्यांचा तराजू. तराजूच बिघडला तर दुकानदार कितीही प्रामाणिक असला तरी माप चुकणारच. शिवाय काळाच्या ओघात या पेशींची संख्याही घटते, आणि उरलेल्या शरीराला मिळेल ते इन्सुलिन नीट वापरता येत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत फ्रीडराइख अ‍ॅटॅक्सियाच्या शंभर रुग्णांपैकी आठांपासून बत्तिसांपर्यंत जणांना मधुमेह आढळला आहे. आकड्यांत तफावत मोठी आहे, कारण कोणी किती कसून तपासले यावर तो आकडा ठरतो. पण खालचा आकडा धरला तरी ज्या वयात मधुमेह अगदी तुरळक असायला हवा त्या वयाच्या मानाने तो पुष्कळच आहे.

आता घरातली अडचण पाहू. मधुमेहाची म्हणून जी लक्षणे आपण पाठ केलेली असतात ती कोणती? थकवा, वारंवार लघवी, वजन घटणे, पायांना मुंग्या येणे, दृष्टी अंधुक होणे. या आजारात थकवा असतोच. मूत्राशयावरचा ताबा कमी झाल्याने लघवीला वारंवार जावे लागणे हेही असते. पायांची संवेदना तर मधुमेह येण्यापूर्वीच गेलेली असते. काही जणांच्या दृष्टीवरही मूळ आजाराचा परिणाम होतो. तेव्हा वीस-बावीस वर्षांचा मुलगा रात्री चार वेळा आईला उठवू लागला, किंवा जेवता जेवता दमू लागला, तर आई म्हणते, 'आजार वाढला.' डॉक्टरही पुष्कळदा तेच म्हणतात. दोघांचेही चूक म्हणता येत नाही. पण साखर मात्र याच आडोशाने वाढत राहते, आणि काहींच्या बाबतीत तिचे पहिले दर्शन थेट अतिदक्षता विभागात होते. रक्त आम्लधर्मी झालेले, श्वास जोरजोरात चाललेला आणि शुद्ध हरपत चाललेली. ज्या रुग्णाचे हृदय आधीच अशक्त आहे त्याच्यावर हा दुसरा घाव असतो. या आजारात मृत्यू बहुतेक वेळा हृदयामुळे ओढवतो, हे लक्षात घेतले म्हणजे साखरेकडे दुर्लक्ष करणे किती महागात पडू शकते ते कळते.

म्हणूनच या आजारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन जी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, प्रथम २०१४ मध्ये आणि सुधारून २०२२ मध्ये, त्यांत वर्षातून निदान एकदा उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासावे, असे सांगितले आहे. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर तो मधुमेह. लक्षणे स्पष्ट नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यायची. शंका असेल तर ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. तो आकडा २०० किंवा त्यावर गेला की प्रश्न मिटला. यात नवीन यंत्र नाही, परगावी जायला नको. तालुक्याच्या गावातली कोणतीही बरी प्रयोगशाळा हे करते.

एचबीए१सीबद्दल एक गोष्ट आपल्याकडे विशेष सांगावी लागेल. ही तपासणी तांबड्या रक्तपेशींवर अवलंबून असते. रक्तक्षय असेल, किंवा विदर्भात आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेलसारखा विकार असेल, तर हा आकडा फसवा निघू शकतो. अशा घरांत तेवढ्यावर विसंबू नये, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावीच. 'तीन महिन्यांचा हिशेब एका थेंबात' ही जाहिरात ऐकायला छान असते. तो हिशेब ज्या वहीत मांडला जातो ती वहीच फाटकी असू शकते, हे जाहिरातीत नसते.

फ्रीडराइखचा आजार हे एक उदाहरण झाले. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी हे दुसरे. यात स्नायू आखडतात आणि सैल व्हायला वेळ घेतात. हस्तांदोलन केले तर हात चटकन सुटत नाही. कपाळावरचे केस लवकर जातात, मोतीबिंदू ऐन चाळिशीत येतो. इथे इन्सुलिन असते, पण ते ज्या कुलपात बसायचे त्या कुलपाची घडणच काहीशी बदललेली असते, म्हणून शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. याही रुग्णांची साखर दरवर्षी पाहावी असे तज्ज्ञ सांगतात. ड्यूशेन स्नायुविकाराच्या मुलांना वर्षानुवर्षे स्टेरॉइड द्यावे लागते. त्यांची साखर वाढू शकते ती औषधामुळे, आणि तिथेही नजर ठेवावीच लागते.

तिसरा गट अधिक चकवा देणारा आहे. तंतुकणिकांचे स्वतःचे असे थोडे जनुकीय साहित्य असते आणि ते केवळ आईकडून येते. त्यातल्या एका विशिष्ट बदलामुळे मधुमेह आणि बहिरेपणा बरोबरीने येतात, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले. त्याच बदलामुळे काही जणांना झटके येतात, तर काहींना तरुण वयातच पक्षाघातासारखे आघात होतात. आजीला ऐकू येत नव्हते आणि साखर होती, मावशीचेही तसेच, आईला चाळिशीत श्रवणयंत्र लागले आणि आता मुलाला झटके येताहेत, अशी साखळी एखाद्या घरात असली तर ती डॉक्टरांना सांगायलाच हवी. आपल्याकडे घराण्याचा इतिहास विचारला की लोक वडिलांकडचा सांगतात. कुळ, गाव, भाऊबंदकी, सारे पितृकुळाचे! या आजाराचा माग मात्र आजोळी लागतो. आणि हे कळण्याला अर्थ आहे, कारण मधुमेहात सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी या रुग्णांत शक्यतो टाळतात. तिच्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याची भीती असते. मूळ आजार ठाऊक नसेल तर तीच गोळी पहिल्या दिवशी लिहून दिली जाते.

वोल्फ्राम सिंड्रोममध्ये तर क्रमच उलटा. वोल्फ्राम आणि वॅगनर या दोघा डॉक्टरांनी १९३८ मध्ये चार भावंडांचे वर्णन केले. त्या चौघांनाही मधुमेह होता आणि चौघांचीही दृष्टी मंदावत होती. यात मधुमेह आधी येतो, साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास. दृष्टीची नस सुकणे त्यानंतर काही वर्षांनी सुरू होते. मुलाला आधीच इन्सुलिन चालू असते, म्हणून डोळे बिघडले की 'साखरेने डोळे गेले' असे ठरवून टाकले जाते आणि आईबापांवर पथ्य न पाळल्याचा ठपका येतो. वास्तविक लहान मुलात मधुमेहामुळे दृष्टी इतक्या लवकर जात नाही. इथे चाळणी दुसऱ्या बाजूने लावायची असते. साखरेच्या मुलाची नजर, श्रवण आणि चाल पाहायची असते.

'चाळणी परीक्षा' हा शब्द आपल्याकडे नोकरीच्या संदर्भात रुळला आहे. आरोग्यातली चाळणी त्याहून वेगळी नाही. पुष्कळांतून थोडे निवडायचे, आणि निवडलेल्यांकडे नीट पाहायचे. कोणत्या आजारासाठी अशी चाळणी लावावी याची काही तत्त्वे विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये मांडली. आजार महत्त्वाचा हवा, त्यावर उपाय हवा, तपासणी लोकांना सोसवेल अशी हवी, खर्चाचा मेळ बसायला हवा. या कसोट्या लावून पाहिल्या तर फ्रीडराइखसारख्या आजारातील साखरतपासणी त्यांत चपखल बसते. मूळ आजार बरा करणारे औषध आज नाही. त्याची गती मंदावणारे पहिले औषध, ओमाव्हेलोक्सोलोन, अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये सोळा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी मान्य झाले आणि त्याची तिथली वर्षाची किंमत साडेतीन लाख डॉलरांच्या वर सांगितली गेली. हा आकडा ऐकून हताश झालेल्या बापाला आपण काय सांगणार? निदान इतके तरी सांगता येते की, या आजाराचे जे एक अंग आज हमखास हाताळता येते ते साखरेचे आहे, आणि ते शोधण्याचा खर्च एका साध्या रक्ततपासणीएवढा आहे.

मग हे होत का नाही? एक कारण सरकारी रचनेत आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्ती घरोघर जाते, पण ती मधुमेहासाठी नोंद घेते ती तिशीच्या पुढच्यांची. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तो अठराव्या वर्षी संपतो. अठरा ते तीस ही बारा वर्षे दोन्ही जाळ्यांच्या मधून निसटतात. आणि दहा-पंधराव्या वर्षी सुरू झालेल्या अ‍ॅटॅक्सियात साखर डोके वर काढते ती पुष्कळदा नेमकी याच वर्षांत! कोट्यवधी लोकांसाठी आखलेल्या कार्यक्रमाने तिशीची रेघ ओढली यात गैर काही नाही. पण रेघेच्या अलीकडे उभ्या असलेल्या या मूठभरांसाठी एक वेगळा दरवाजा ठेवायला फारसे काही लागत नाही.

दुसरे कारण वैद्यकीय व्यवस्थेतल्या वाटण्यांत आहे. मेंदूविकारतज्ज्ञ मेंदू पाहतो, मधुमेहतज्ज्ञ साखर पाहतो, हृदयविकारतज्ज्ञ हृदय पाहतो. रुग्ण मात्र एकच असतो आणि त्याला तीन मजले चढायचे असतात. महानगरात एखाद्या मोठ्या रुग्णालयात तिघे एका छताखाली भेटतात. जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदा बाहेरून येतो, त्याच्या दारात गर्दी असते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात. त्या पाच मिनिटांत साखरेची आठवण डॉक्टरांनीच ठेवावी, ही अपेक्षा जरा जास्तच होते. आमच्या मते ती आठवण केसपेपरनेच ठेवावी. वजन आणि रक्तदाब यांच्या खाली 'साखर : तारीख' अशी एक ओळ छापलेली असली की रकाना रिकामा दिसतो, आणि रिकामा रकाना भरण्याची सवय सरकारी माणसालाही असते.

एक जागा तर आयतीच उपलब्ध आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्याच्या यादीतील एकवीस प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार आणि स्नायुविकार यांचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी हा रुग्ण शासकीय रुग्णालयात एकदा तरी येतोच. त्याला उचलून, रिक्षात घालून, दिवसाची मजुरी बुडवून घरची माणसे आणतात. त्या दिवशी त्याचे पाय मोजले जातात, टक्केवारी ठरते, शिक्का मारला जातो. त्याच दिवशी दोन मिलिलिटर रक्तही घेतले तर काय बिघडेल? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला आहे. म्हणजे पैशाचाही प्रश्न उरू नये.

यावर एक आक्षेप येतो. मज्जासंस्थेचे आनुवंशिक आजार शेकड्यांनी आहेत, सरसकट सगळ्यांना साखरेच्या मागे लावणार काय? आक्षेप रास्त आहे. सगळ्यांत हा धोका नसतो आणि आधीच टेकीला आलेल्या घराला आणखी एक भीती दाखवण्यात पुण्य नाही. पण आपल्याकडची वस्तुस्थिती अशी की कित्येकांच्या फाईलवर 'लहान मेंदूचा विकार' एवढेच लिहिलेले असते आणि जनुकांची तपासणी झालेलीच नसते. तिला पैसे लागतात, आणि पुष्कळदा 'कळून तरी काय होणार' असे म्हणून ती टाळली जाते. आजाराचे नेमके नाव ठाऊक नसेल, तर वर्षातून एकदा साखर पाहणे हा शहाणपणाचा भाग आहे. नाव ठाऊक झाले आणि त्यात मधुमेहाचा धोका नसला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती सोडून देता येईल. 'कळून काय होणार' या प्रश्नाचे एक उत्तरही यात आहेच. शिवाय फ्रीडराइखसारखा आजार आईवडील दोघेही वाहक असले तरच मुलात उतरतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा आपल्या अनेक समाजांत आजही आहे, आणि नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. धाकट्या भावंडांची लग्ने ठरवताना तरी घरातल्या आजाराचे नाव ठाऊक असलेले बरे.

साखर सापडल्यानंतरचे काम मात्र सोपे समजू नये. 'रोज पाऊण तास चाला' हा सल्ला इथे लागू पडत नाही. पुष्कळांना लवकरच इन्सुलिन सुरू करावे लागते, आणि थरथरत्या हाताने पेनवरचा आकडा लावणे, बोट टोचून थेंब पट्टीवर ठेवणे हे जमत नाही. ते घरातल्या दुसऱ्या माणसाला, आणि एकाला नव्हे तर दोघांना, शिकून घ्यावे लागते. साखर फार खाली गेली तर बोलणे अडखळते, हात कापतात, तोल जातो. म्हणजे नेहमीच्या आजारासारखेच सारे दिसते! तेव्हा नेहमीपेक्षा काही निराळे वाटले, घाम सुटला, चिडचिड वाढली, तर आधी साखर मोजायची. गिळायला त्रास असणाऱ्याला अशा वेळी घाईघाईने साखरपाणी तोंडात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्याला आधार देऊन ताठ बसवावे, थोडे थोडे द्यावे, आणि तो शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही न देता रुग्णालय गाठावे. अशा वेळी काय द्यायचे आणि किती, हे पहिल्या भेटीतच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन तो कागद स्वयंपाकघरातल्या फळीवर चिकटवून ठेवावा.